रेघ जागेवर

ताडपत्री कधी काढायची ते बाबांनीच ठरवलं होतं. चहा झाल्यावर, उन्हं कुंपणापलीकडे कलल्यावर. तोवर मागच्या अंगणाकडे कुणी फिरकायचं नाही. गेला पंधरवडाभर ते लिंबाच्या झाडापासून बेताच्या अंतरावर शेकोटीसाठी गोल खड्डा बांधत होते आणि घरातल्या एकालाही त्यांनी वीट उचलू दिली नव्हती. मदतीला कुणी गेलंच तर म्हणायचे, "मदतच करायची असेल तर आत जा."

भट्टीच्या विटा तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला असलेली ताई स्वयंपाकघराच्या खिडकीशी बटाटे धूत होती. समोर निळी ताडपत्री, तिच्या कडांवर दाबून ठेवलेल्या विटा आणि त्यांच्याभोवती बाबांच्या येरझाऱ्या, प्रसूतिगृहाबाहेर घालाव्यात तशा.

भाऊ पाणी प्यायच्या निमित्ताने आत आला आणि ग्लास हातात घेऊन तसाच उभा राहिला.

"आत डोकावलीस का?"

"नाही. मला शपथ घातलीय."

"तुलाही? मला वाटलं, प्रयोगशाळेला सूट असेल."

"प्रयोगशाळेला तर दुप्पट बंदी आहे. म्हणाले, तू आलीस की माझ्या विटा घाबरतात."

भाऊ हसला, पण ते हसू ओठांपलीकडे गेलं नाही. ताईने नळ बंद केला. धाकट्या भावाचा चेहरा तिला लहानपणापासून वाचता येत असे; बोलायचं काही असलं की तो ग्लासातलं पाणी गोल गोल फिरवत राही.

"सोमवारी शाळेच्या टाकीचं काम सुरू होतंय," तो म्हणाला. "आणि मी शब्द देऊन बसलोय."

तो शब्द घरात सगळ्यांना ठाऊक होता. उन्हाळ्यात एका टाकीच्या कामावर बाबांना मचाणावर चक्कर आली, ते तिथेच मटकन बसले आणि दोघांनी धरून त्यांना खाली उतरवलं, त्या दिवसापासून भाऊने त्यांना कामावर यायला बंदी केली होती. बाबा काही दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. मग एके सकाळी जेवणाच्या टेबलावर त्यांनी जाहीर केलं: अंगणात शेकोटीचा खड्डा बांधतो, एकट्याने. नीट झाला तर शाळेच्या टाकीवर येणार, नाही झाला तर थापी माळ्यावर ठेवतो आणि पुन्हा नाव काढत नाही. भाऊ "बरं" म्हणून मोकळा झाला. आता घोडामैदान अगदी परसदारी येऊन ठेपलं होतं.

"खरं सांगू?" भाऊने आवाज खाली आणला. "मचाण हे निमित्त आहे, ताई. चक्कर काय, कुणालाही येते. पण मागच्या आठवड्यात त्यांनी मला एकच गोष्ट दोनदा विचारली. परवा चष्मा डोळ्यांवर ठेवून घरभर चष्मा शोधला. मला उंचीची भीती नाही वाटत. मला त्यांच्या..." त्याने बोट कपाळाला लावलं आणि लगेच खाली घेतलं, जणू कुणी बघेल. "तू बघ आणि सांग. नीट आहे की नाही. तू म्हणशील ते मी ऐकेन."

"म्हणजे बापाची परीक्षा मी घ्यायची?"

"विटांची घेतेसच की."

"विटेची ताकद ती मोडल्यावरच कळते, भाऊ. म्हणून तर आमच्याकडे ढीग पडलाय अर्ध्या विटांचा."

इतक्यात आई बटाट्यांचं पातेलं न्यायला आत आली आणि दोघांकडे बघून म्हणाली, "खलबतं झाली असतील तर मीठ द्या इकडे. आणि भाऊ, तुला आधीच सांगून ठेवते, मला ते घरीच हवेत. त्या दिवशी फोन आला तेव्हा मी तशीच अनवाणी धावले होते."

"बघ," भाऊ ताईला म्हणाला.

"पण तेही कसं होतं," आई दाराशी थबकली, "घरी असले की डब्यातली साखर सपाट करत बसतात. चमच्याच्या पाठीने. काल पिठाच्या डब्यालाही उतार दिला."

*

अंगणात आत्या आधीच जाऊन बसली होती. घरात एकच हातांची खुर्ची होती आणि आत्या आली की ती आपोआप तिची होई. बाबांची ही धाकटी बहीण जन्मभर शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाली होती; आवाज मात्र अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा होता. तिच्या शेजारी भाऊची बायको. ती दातांची डॉक्टर. दवाखाना अर्ध्या दिवसात आटपून ती थेट आली होती. बाबा तिला लग्नाच्या पहिल्या आठवड्यापासून "डॉक्टर" म्हणत आणि आता घरात सगळेच म्हणत, नवरासुद्धा, विशेषतः भांडण झालं की.

"दादा, सूर्य तुझ्यासाठी थांबणार नाही," आत्या म्हणाली. "उघड आता."

बाबांनी एकेक वीट उचलून बाजूला रचली. विटा ठेवतानाही कडेला कड जुळवली. मग ताडपत्रीचं एक टोक भाऊच्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं आणि दोघांनी ती हलकेच मागे ओढली.

खड्डा देखणा होता. अर्धा जमिनीत, अर्धा वर, बसायला कठडा होईल इतका. गोलाई अशी की कंपासने काढावी. आतून राखाडी गिलावा, घोटून घोटून काचेसारखा केलेला. आणि त्यात काठापासून चार बोटं खाली, निवांत, स्वच्छ, लिंबाच्या फांद्यांचं प्रतिबिंब घेऊन पाणी उभं होतं.

पाण्याला लागून खडूची पांढरी रेघ होती.

"काल भरलं," बाबा म्हणाले. "बघा."

सवय ही अशी चीज आहे की विचाराच्या आधी कंबर वाकते. या घराण्यात तीन पिढ्या पाण्याच्या टाक्या बांधत आल्या होत्या आणि गळती हा शब्द घरात शिवीसारखा वापरला जाई. टाकी पक्की झाली की ती भरायची, पाण्याच्या पातळीवर रेघ मारायची आणि दुसऱ्या दिवशी घरातल्या सगळ्यांनी जाऊन ती रेघ बघायची. ताई आणि भाऊ शाळा बुडवून रेघा बघायला गेले होते. एकेकाने वाकून बघायचं आणि मोठ्याने सांगायचं.

भाऊ वाकला. "जागेवर आहे," तो म्हणाला.

"जागेवर आहे," आई म्हणाली.

"जागेवर आहे," ताईही म्हणाली. खरं म्हणजे वाऱ्याने केसभर तरी उडायला हवं होतं, पण त्यासाठीच तर ताडपत्री होती. बाबांनी बाष्पीभवनालाही वाट ठेवली नव्हती.

मग आत्याची पाळी आली. तिने खुर्चीतूनच मान लांब केली.

"जागेवर तर आहे. पण दादा, ह्यात शेकोटी पेटवायची की मासे सोडायचे?"

डॉक्टरने खोकल्यासारखं काहीतरी केलं आणि तोंडावर रुमाल धरला. भाऊ सरळ झाला आणि त्याने पाण्याकडे, मग ताईकडे पाहिलं. त्या नजरेत आनंद नव्हता. आपलं म्हणणं खरं ठरावं असं त्याला मुळीच वाटत नव्हतं, हे ताईला तेव्हा कळलं.

ताईने खड्ड्याभोवती एक फेरी मारली. पाणी जायला तळाशी भोक नाही. हवा यायला कडेने भोकं नाहीत. आतून भट्टीच्या विटांचा थर नाही. आगीला लागतं त्यातलं काहीही नव्हतं आणि पाण्याला लागतं ते सगळं, अगदी भिंत तळाला मिळते तिथला गोल केलेला कोपरासुद्धा, चोख होतं.

"अहो, हे काय करून बसलात?" आई हळूच म्हणाली.

बाबा बोटांना लागलेला खडू पुसत होते. तो निघाला तरी पुसत राहिले.

"आई, चहाचे कप आत ने ना," ताई म्हणाली. "भाऊ, तूही." दोघं हलले नाहीत, पण दोन पावलं मागे सरकले. ताई कठड्यावर बसली. बाबाही शेजारी बसले. पाण्यात दोघांचे चेहरे बाजूबाजूला आले.

"बाबा, पाणी का भरलंत?"

"रेघ मारायला."

"शेकोटीला?"

बाबांनी मागे वळून भाऊकडे एक कटाक्ष टाकला आणि आवाज खाली आणला. पण त्यांचा खालचा आवाजही मचाणावरून खाली ऐकू जाईल असाच होता.

"अगं, गिलावा झाला, पक्का झाला, छान झाला. हात आपोआप नळीकडे गेला. पाणी सोडलं आणि बिडी नाही ओढत आता, म्हणून नुसताच बसलो होतो बघत. अर्धी भरली तेव्हा डोक्यात उजेड पडला."

"अर्धी भरली तेव्हा?"

"म्हटलं, अरे गाढवा, ही शेकोटी आहे."

"मग बंद का नाही केलं?"

बाबांनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू वीट कशाची करतात ते तिने विचारलं होतं.

"अर्धी भरलेली टाकी सोडून द्यायची? गळते की नाही ते कळणार कसं?"

पहिली हसली ती डॉक्टर. तिने रुमाल खाली घेतला आणि पोट धरून हसली. मग आत्या. आईने कपाळावर हात मारला, पण हाताखाली तिचे ओठ थरथरत होते. ताईला छातीतून काहीतरी जड वस्तू कुणी उचलून बाजूला ठेवल्यासारखं वाटलं. डोकं जागेवर होतं. चुकलं होतं ते जन्मभराच्या सरावाने. ती भाऊकडे वळली.

"ऐकलंस?"

"ऐकलं," भाऊ म्हणाला. तो हसला नव्हता. "पण भोक नाही ठेवलं ते नाहीच ठेवलं. शेकोटी बांधायची होती. तुम्हीच म्हणाला होतात, नीट झाली तर."

"ते खरं आहे," बाबा म्हणाले. वाद त्यांनी घातला नाही, आणि ते वाद घालण्यापेक्षा वाईट होतं. "भोक ठेवायला हात वळलाच नाही. थापी माळ्यावर ठेवतो."

"कसली माळ्यावर ठेवता?" हे आई म्हणाली, आणि स्वतःच दचकली. "म्हणजे... घाई काय आहे. माळ्यावर आधीच जागा नाही."

"वहिनी, तू कुणाच्या बाजूने आहेस ते एकदा ठरव," आत्या म्हणाली. "सकाळी फोनवर मला सांगितलंस, ह्यांना घरी बसवायला मदत कर."

"सकाळी त्यांनी आजची साखर सपाट केली नव्हती अजून."

ताई उठली. "भाऊ, तू मला निकाल विचारलास ना? मग पूर्ण ऐक. बाबा, तुम्हीही ऐका. ह्या गिलाव्यात अजून ओल आहे. त्याच्यावर जाळ केला की आतल्या पाण्याची वाफ होणार. तिला बाहेर यायला वाटच नाही, कारण तुम्ही सुईच्या टोकाएवढंही छिद्र ठेवलेलं नाही. मग ती स्वतःची वाट करणार. टवके उडतील, कुणाच्या तरी डोळ्यात जातील."

"म्हणजे काम फारच चांगलं झालंय," बाबा म्हणाले.

"हो. तोच त्याचा दोष आहे. मोडायचं मात्र काही कारण नाही. तळाशी पाण्याला एक भोक, कडेने हवेला चार. आतून भट्टीच्या विटांचं कडं, सिमेंट न लावता नुसतं रचायचं. आमच्या ढिगातल्या अर्ध्या विटा आणते, त्या आग बघूनच आल्यात. आणि काही दिवस बारीक जाळ, ओल निघेपर्यंत. मग कितीही पेटवा."

"हे सगळं करायचं, पण आधी भोक," आत्याने निकालाचा सारांश सांगितला. "पाड रे कुणीतरी."

*

ताईने आधी पाणी उपसायला लावलं. बादल्या लिंबाला गेल्या, फुलझाडांना गेल्या, कुंपणापलीकडच्या शेजाऱ्यांच्या वाफ्यालाही गेल्या. तळाशी वीतभर पाणी मुद्दाम राहू दिलं, भोक नीट पडलं की नाही ते कळायला.

जमीन लिंबाकडे उतरत होती. त्या बाजूला भिंतीचं बूड उघडं होतं. बाबा तिथे उकिडवे बसले, छिन्नी टेकवली, हातोडा उचलला. तो हवेतच राहिला.

"काय झालं?" आत्या.

"काही नाही. नेम धरतोय."

नेम बराच वेळ चालला. मग बाबांनी छिन्नी भाऊकडे दिली. "तू पाड. तुझे गुडघे तरुण आहेत."

भाऊ बसला. छिन्नी टेकवली. हातोडा उचलला. आणि त्याचाही हात अगदी त्याच उंचीवर थांबला. ताई बघत होती. सात-आठ वर्षांचा असताना भाऊने गंमत म्हणून एका ओल्या टाकीत खिळा खुपसला होता. तेव्हा बाबांनी मारलं नव्हतं, फक्त दिवसभर त्याच्याशी बोलले नव्हते. मार परवडला असता.

"न गळणाऱ्या टाकीला..." भाऊ पुटपुटला.

"शेकोटी आहे ती!" आत्या ओरडली.

"माहीत आहे गं मला!"

"मग पाड!"

बापलेक एकमेकांकडे न बघता शेजारी शेजारी बसून राहिले. छिन्नी दोघांच्या मध्ये गवतावर होती आणि तिला कुणी हात लावत नव्हतं.

डॉक्टर उठली. तिने बाह्या दुमडल्या, केस वर बांधले, भाऊच्या गाडीतून बॅटरीवर चालणारं ड्रिल आणि घरातून ताईचा जुना चष्मा आणला. "सरका दोघं," ती म्हणाली. "मी दिवसभर हेच करते."

"दात आणि टाकी एक नाही, डॉक्टर," बाबा म्हणाले.

"बरोबर. टाकी ओरडत नाही. बाबा, आत सळई कुठून गेलीय? नस कुठे आहे ते कळल्याशिवाय मी ड्रिल लावत नाही."

बाबांचा चेहरा उजळला. हा प्रश्न त्यांच्या भाषेतला होता. "इथून वीतभर वर. तू खाली घे. अजून खाली. आणि तिरकं धर, बाहेरच्या बाजूला उतार राहू दे. घाई नको. विटेला लागलं की आवाज बदलेल, तिथे जोर कमी कर."

"तोंड उघडं ठेवा, म्हणजे दुखणार नाही," भाऊ बायकोच्या आवाजात म्हणाला. त्या संध्याकाळचा त्याचा पहिला विनोद होता तो.

ड्रिल घरघरलं. राखाडी भुकटी उडाली, मग लाल. आवाज खरोखरच बदलला. डॉक्टरने मान न वळवता "हं" म्हटलं आणि जोर कमी केला. शेवटी टोक आरपार गेलं आणि ते बाहेर काढताच पाण्याची बोटभर धार तिच्या चपलांवर पडली.

बाबांनी डोळे मिटून घेतले होते. ते उघडून त्यांनी धारेकडे पाहिलं आणि एक उसासा सोडला. "गळली," ते म्हणाले. "माझी टाकी गळली."

"सोनारानेच कान टोचलेले बरे," आत्या म्हणाली.

भाऊ मात्र बाहेर बघत नव्हता. तो कठड्यावरून आत वाकला होता. तळातलं पाणी सगळीकडून सावकाश एकाच दिशेने, त्या नव्या भोकाकडे, निघालं होतं. कुठे अडलं नाही, कुठे थबकलं नाही. चमचाभर पाणीही मागे न ठेवता तळ कोरडा होत गेला, जणू भोक तिथेच पडणार हे तळाला आधीपासून ठाऊक होतं.

"उतार दिला होतात तुम्ही," भाऊ म्हणाला.

"तळाला उतार नको का? उतार दिला, तोंड ठेवायचं राहिलं."

भाऊने हात आत घालून कोपऱ्याच्या गोलाईवरून बोटं फिरवली, एकदा पूर्ण वळसा घालून. ताईला माहीत होतं तो काय शोधत होता. त्याने बांधलेल्या शेवटच्या टाकीची रेघ दुसऱ्या दिवशी बोटभर खाली आली होती. दुरुस्ती झाली, टाकीच्या मालकांना कळलं नाही, पण त्या दिवशी "जागेवर आहे" कुणी म्हणू शकलं नव्हतं, आणि घरी जेवताना त्यावर कुणी बोलतही नसे. ती कोपऱ्यातूनच गळली होती. भाऊची बोटं वळसा पुरा करून आली. केसाएवढी भेगही त्यांना लागली नाही.

"एकट्याने केलंत हे? वाकून?"

"वाकून कसं होईल? आईच्या पाटावर बसून. बसल्या बसल्या सरकत गेलो."

"म्हणून पाट सापडत नव्हता," आई म्हणाली.

*

हवेची भोकं पाडेपर्यंत ऊन गेलं. ताईच्या हुकुमावरून पहिली शेकोटी तळावर पेटवायची नव्हती. म्हणून भाऊने गाडीतलं जुनं घमेलं आणलं, खड्ड्यात विटांवर ठेवलं आणि त्यात काटक्या रचल्या. आत्याला ते पसंत पडलं नाही. "खड्डा बांधला हौदाएवढा आणि जाळ घमेल्यात," ती म्हणाली; पण खुर्ची तिनेच सगळ्यांत पुढे ओढून घेतली.

काटक्या पेटल्या. पहिल्यांदा धूर झाला, मग कडेच्या भोकांतून हवा आत ओढली गेली आणि जाळ उभा राहिला. बाबांनी एका भोकासमोर तळहात धरला. वारा आत जात होता.

"ओढतंय," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा ते भोकाकडे कौतुकाने बघत होते. "डॉक्टर, ये. बघ, तुझं भोक ओढतंय."

"फीचं नंतर बघू," डॉक्टर म्हणाली.

आई बटाटे निखाऱ्यांत सरकवत होती. भाऊ तिच्याजवळ जाऊन बसला आणि काहीतरी हळू बोलला. आईने मान हलवली, आधी नकाराची, मग थोड्या वेळाने दुसरी. "मचाणावर नाही म्हणजे नाही," एवढं ताईला ऐकू आलं. भाऊ म्हणाला, "पाय जमिनीवरच राहतील. फक्त तळ आणि कोपरे. पाट मी स्वतः उचलून ठेवीन." आई म्हणाली, "माझा पाट नेऊ नका, दुसरा घ्या."

मग भाऊ उठला आणि बाबांसमोर येऊन उभा राहिला. ताईकडे त्याने बघितलं नाही. निकाल विचारायची आता गरज नव्हती.

"बाबा, सोमवारी शाळेच्या टाकीवर या. कोपरे तुमचे. मचाण माझं. सात वाजता गाडी काढतो."

बाबांनी निखाऱ्यांवरून नजर उचलली. त्यांचा हात खिशात गेला, तिथे खडूचा तुकडा होता, तो त्यांनी चाचपला आणि तसाच राहू दिला.

"सात?" ते म्हणाले. "उन्हं वर आल्यावर गिलावा करतोस? मग भेगा पडतील नाही तर काय होईल! उजाडायच्या आत निघायचं."

"हे बघा, सुरू झालं," आई म्हणाली आणि बाबांच्या हातात फुंकर मारून बटाटा ठेवला.